अनेबल

माझी आई शेवटपर्यंत नातेवाइकांना सांगायची, "आमची ही विमानांना सिग्नल देते." तिच्या डोळ्यांसमोर बहुधा दादरच्या खोदादाद सर्कलला उभा राहणारा हवालदार असावा. शेजारच्या काकूंची समजूत आणखी निराळी. त्यांना वाटायचं, मी धावपट्टीच्या कडेला उन्हात उभी राहून दोन रंगीत दांडे हलवते, म्हणून त्या मला उन्हाळ्यात कोकम सरबताची बाटली द्यायच्या. काकूंची चूक मी सुधारली नाही, कारण सरबत उत्तम असायचं. आईची सुधारली नाही, कारण ती मला चूक वाटतच नव्हती. हात दाखवला की थांबायचं, हात हलवला की निघायचं. माझ्या डोक्यातही नोकरीचं चित्र तेच होतं. फरक इतकाच की मी वातानुकूलित खोलीत बसायचे.

आता निवृत्त झाले आहे, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. 'एअर ट्रॅफिक कंट्रोलर' या तीन शब्दांपैकी पहिली सात-आठ वर्षं मला फक्त शेवटचा शब्द ऐकू येत होता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अलाहाबादजवळ बमरौलीच्या केंद्रात आमचं प्रशिक्षण झालं. तिथे अ‍ॅनेक्स 11 नावाचं प्रकरण आमच्याकडून घोकून घेतलं गेलं. 1944 सालच्या शिकागो कराराला जोडलेली जी परिशिष्टं आहेत त्यांतलं हे अकरावं, आणि जगभरातले कंट्रोलर त्याच्याच आधारावर काम करतात. त्याचं नाव 'एअर ट्रॅफिक सर्व्हिसेस'. सर्व्हिसेस, म्हणजे सेवा. कंट्रोल ही त्यातली एक सेवा. दुसरी माहितीची: हवा कशी आहे, पुढच्या विमानतळावर काय बंद आहे, वाटेत कसला धोका आहे. तिसरी इशाऱ्याची, म्हणजे विमान वेळेवर बोललं नाही किंवा पोचलं नाही तर शोधणाऱ्यांना उठवायची. हे सगळं मी परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि चांगले मार्क मिळवले. पण 'सेवा' हा शब्द मला सरकारी पत्रातल्या 'आपला विश्वासू'सारखा वाटायचा. लिहायचा असतो, म्हणून लिहायचा.

त्याच पुस्तकात शेवटी एक तक्ता आहे. आकाशाचे ए पासून जी पर्यंत सात वर्ग, आणि प्रत्येकात कोणाला काय मिळणार याचे रकाने. तो समजायला एक गोष्ट आधी माहीत हवी. विमान दोन रीतींनी उडतं. एक आयएफआर, म्हणजे कॉकपिटमधल्या यंत्रांच्या भरवशावर. ढग असो, अंधार असो, वैमानिकाला बाहेरचं दिसलंच पाहिजे असं नाही. दुसरी व्हीएफआर, म्हणजे डोळ्यांनी बघून. त्यासाठी हवा स्वच्छ लागते. 10,000 फुटांच्या खाली साधारण पाच किलोमीटरपर्यंत दिसायला हवं, ढगापासून बाजूने दीड किलोमीटर आणि वर-खाली 1000 फूट लांब राहायला हवं. तुमचं मुंबई-दिल्ली विमान आयएफआर. शिकाऊ वैमानिकाचं दोन आसनी सेसना व्हीएफआर.

आता तक्ता. ए वर्गात फक्त आयएफआर, आणि प्रत्येक विमान दुसऱ्यापासून लांब ठेवायची जबाबदारी कंट्रोलरची. बी मध्ये व्हीएफआरलाही प्रवेश, पण तिथेही सगळ्यांना सगळ्यांपासून लांब ठेवायचं. सी मध्ये दोन व्हीएफआर विमानांना एकमेकांची फक्त माहिती द्यायची. डी मध्ये आयएफआरला आयएफआरपासून लांब ठेवायचं, बाकी जोड्यांना माहिती: तुझ्या डाव्या बाजूला अमुक विमान, तमुक उंचीवर, बघ. शिरायचं तर परवानगी मात्र सगळ्यांना हवी. ई मध्ये व्हीएफआरला परवानगीही नको. एफ मध्ये नुसता सल्ला. आणि जी मध्ये विचारलंत तर माहिती देऊ, अडचणीत सापडलात तर माणसं पाठवू, बाकी तुमचं तुम्ही बघा.

आमच्या बॅचमधला एक सोलापूरचा मुलगा याला वाड्याचा नकाशा म्हणायचा. ए म्हणजे देवघर, सोवळ्यातल्यांनाच प्रवेश. डी म्हणजे माजघर, विचारून या. जी म्हणजे अंगण, कुत्र्यामांजरांपासून सगळे. मला मात्र त्यात रेल्वेचे डबे दिसायचे. ए म्हणजे एसी फर्स्ट, जी म्हणजे जनरल. आणि मग लाज वाटायची, कारण अमेरिकेत 18,000 फुटांच्या वर सगळं ए, तिथल्या मोठ्या विमानतळांभोवती उलट्या ठेवलेल्या उतरंडीसारखं वर रुंद होत जाणारं बी, आणि आपल्या यादीत थेट डी पासून सुरुवात. विमानतळांभोवती आणि मोठ्या नियंत्रित पट्ट्यांत डी, त्यांच्या बाहेरच्या ठरलेल्या हवाई मार्गांवर ई किंवा एफ, उरलेलं जी. ही मला गरीब देशाची भाषा वाटायची. आपल्याकडे रडार नाहीत, पैसे नाहीत, म्हणून आपण अर्धवट कंट्रोल करतो. उद्या पैसे आले की सगळं आकाश ए करू आणि सुटू. असं मी कँटीनमध्ये ऐकणाऱ्या आणि न ऐकणाऱ्या सगळ्यांना सांगत असे.

12 नोव्हेंबर 1996 च्या संध्याकाळी हे मत पक्कं झालं. दिल्लीहून निघालेलं सौदी बोइंग 747 आणि दिल्लीकडे येणारं कझाकस्तानचं इल्यूशिन 76 हरियाणात चरखी दादरीवर एकमेकांवर आदळली. 349 माणसं गेली, एकही वाचलं नाही. सौदी विमानाला 14,000 फूट दिले होते, कझाक विमानाला 15,000. मध्ये 1000 फूट, पुस्तकात आहे तेवढेच. कंट्रोलरने कझाक विमानाला सांगितलंही होतं की समोरून विमान येतंय, इतक्या मैलांवर, दिसलं की कळवा. पण इल्यूशिन 15,000 वर थांबलंच नाही, उतरत राहिलं. त्या विमानात इंग्रजीत बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता, आणि त्याच्यासमोर स्वतःचं उंचीमापक नव्हतं. दिल्लीच्या रडारवर तेव्हा विमानाची जागा दिसायची, उंची दिसायची नाही. ती वैमानिक सांगेल ती खरी. शिवाय आजूबाजूचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे, म्हणून येणारी आणि जाणारी विमानं एकाच वाटेने. लाहोटी आयोगाच्या चौकशीनंतर वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारी रडार आली, टक्कर टाळणारं यंत्र विमानांना सक्तीचं झालं.

मी तेव्हा दुसऱ्याच एका गावी होते. रात्री दूरदर्शनवर शेतात पसरलेले तुकडे बघितले आणि माझा निष्कर्ष मिनिटभरात तयार झाला: वैमानिक ऐकत नाहीत. कंट्रोलर बरोबर होता, ऐकलं गेलं नाही, माणसं मेली. त्यानंतर आमच्यापैकी बरेच जण फ्रिक्वेन्सीवर एक पट्टी वरून बोलायला लागले. मी दोन पट्ट्या.

इथे 'अनेबल' या शब्दाबद्दल सांगायला हवं. कंट्रोलरची सूचना पाळणं शक्य नसेल, तर वैमानिकाने एकच शब्द म्हणायचा असतो: अनेबल. जमणार नाही. त्याला कारण जोडलंच पाहिजे असं नाही. रेडिओवर इतका छोटा आणि इतका वजनदार दुसरा शब्द नाही. आणि मला तो ऐकला की तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा एका वैमानिकाने मी सांगितलेल्या दिशेला वळायला अनेबल म्हटलं, तेव्हा मी सगळ्या फ्रिक्वेन्सीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं होतं, "का जमणार नाही, सांगा जरा." फ्रिक्वेन्सी म्हणजे चाळीतला जिना. एकाला झापलं की सगळ्या खोल्यांना कळतं.

त्यानंतर आठवडाभराने ती सकाळ आली. 1998 चा ऑक्टोबर. विमानतळाचं नाव मी घेत नाही. चूक माझी होती, त्या गावाची नव्हती. तिथे रडार नव्हतं. टॉवरच्या काचा, दुर्बीण, आणि समोर कागदी स्ट्रिप्स, प्रत्येक विमानाची एक. सकाळचं बोइंग 737 यायचं होतं. पश्चिमेला तलावाच्या बाजूला फ्लाइंग क्लबचं एक सेसना सराव करत होतं, 2000 फुटांवर, मुलगा एकटा, सोलो. डी वर्ग. पुस्तकाप्रमाणे माझं काम सोपं होतं. बोइंगला सांगायचं, पश्चिमेला सेसना आहे. सेसनाला सांगायचं, बोइंग अमुक बाजूने येतंय, तू तलावाच्या पलीकडे राहा, स्वच्छ हवेत राहा. किती उंचीवर राहायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यायचं, कारण ढग त्याला दिसत होते, मला नाही.

पण मला मोकळं सोडलेलं विमान बघवत नसे. मी त्याला सांगितलं, तलावावर जा, 3000 फुटांवर चढ, तिथेच घिरट्या घाल, पुढच्या सूचनेची वाट बघ. नीटनेटकं. स्ट्रिपवर लाल पेनने 3000 लिहिलं आणि खाली रेघ मारली. मुलाने सूचना शब्दशः परत म्हटली, आवाज जरा बारीक. मी बोइंगकडे वळले.

बोइंग उतरलं. मी सेसनाला बोलावलं. उत्तर नाही. पुन्हा बोलावलं. टॉवरमध्ये पंख्याचा आवाज एरवी ऐकू येत नाही, तो यायला लागला. तिसऱ्यांदा बोलावल्यावर नुसतं बटण दाबल्याची खरखर झाली आणि मग तो म्हणाला, "मॅडम, ढगात आहे."

यंत्रांवर उडायचं प्रशिक्षण नसलेला माणूस ढगात शिरला की आधी कान फसवतात, मग हात. शरीर सांगतं आपण सरळ आहोत, आणि विमान हळूच एका पंखावर कलंडून फिरत फिरत खाली जात असतं. असे कितीतरी लोक गेले आहेत. मी खिडकीतून तलावाच्या दिशेला बघितलं, तर तिथे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

त्याचे चीफ इन्स्ट्रक्टर खाली क्लबच्या वॉकीटॉकीवर ऐकत होते. हवाई दलातून निवृत्त झालेले, गुडघे दुखणारे गृहस्थ. टॉवरचे जिने चढून ते किती वेळात वर आले ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, माइक घेतला आणि हिंदीत, घरच्या माणसाशी बोलावं तसे बोलायला लागले. बाहेर बघू नकोस. समोरच्या गोल घड्याळातलं छोटं विमान बघ. त्याचे पंख रेघेवर आण. आले? आता हात ढिले सोड. पॉवर थोडी कमी कर. काही करू नकोस, नुसता बस. बोलत राहिले, मध्ये मध्ये त्याच्या गावच्या पेरूंबद्दलही काहीतरी विचारलं. 1700 फुटांवर त्याला तलाव दिसला.

तो उतरला तेव्हा मी दुर्बिणीतून बघत होते. विमान उभं राहिल्यावर बराच वेळ दार उघडलं नाही.

दुपारी तो सही करायला वर आला. एकोणीस-वीस वर्षांचा असेल, ओठांवर जेमतेम मिसरूड. मी त्याला, आता आठवून अंगावर काटा येतो, रागावूनच विचारलं, "ढग दिसत नव्हता का तुला?"

"दिसत होता, मॅडम. पण तुम्ही 3000 म्हणालात."

त्याने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. त्याला वाटत होतं, हेच बरोबर उत्तर आहे.

इन्स्ट्रक्टर सर जाताना एवढंच म्हणाले, "मागच्या आठवड्यातलं ते 'का जमणार नाही' सगळ्या पोरांनी ऐकलंय." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

ड्यूटी संपताना लॉग लिहायचा होता. मी लिहिलं: शिकाऊ विमानाला खराब हवेचा सामना करावा लागला, सुखरूप परत. त्यात खोटं काही नव्हतं. त्याला तिथे कोणी पाठवलं, किती उंचीवर पाठवलं, हे नव्हतं. कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

त्या रात्री क्वार्टरवर मी तो घोकलेला तक्ता पुन्हा काढला. त्याआधी मी तो नेहमी वरून खाली वाचला होता: ए मध्ये इतकी सत्ता, बी मध्ये तितकी, उतरत उतरत जी मध्ये शून्य. त्या दिवशी पहिल्यांदा तो त्या मुलाच्या खुर्चीतून वाचला. आणि मग तो सत्तेचा तक्ता राहिलाच नाही. प्रत्येक चौकटीत एकाच प्रश्नाचं उत्तर होतं: आत्ता बघतंय कोण? ए मध्ये, मी. डी मध्ये, बोइंग आणि सेसनामध्ये बघायचं त्या दोघांनी, मी फक्त कुठे बघायचं ते सांगायचं. जी मध्ये, तुझं तू, आणि हे तुला आधीच स्पष्ट सांगितलेलं आहे. म्हणजे हा लेखी शब्द होता, आम्ही दिलेला. मी त्या मुलाला डी वर्गात ए वर्गातल्यासारखं वागवलं. त्याच्या डोळ्यांचं काम काढून घेतलं, आणि त्याच्या बदल्यात माझे डोळे दिले नाहीत, कारण ते माझ्याकडे नव्हतेच. नियमांच्या पुस्तकात एक वाक्य असंही आहे की विमानाला जमिनीवर आपटण्यापासून वाचवणं हे कंट्रोलच्या उद्दिष्टांत येत नाही. रडारवर बघून कंट्रोलरच दिशा देत असेल, तेव्हाची गोष्ट वेगळी. शिकताना मला ते वाक्य निर्दयी वाटलं होतं. आता ते नुसतं प्रामाणिक वाटलं. जे आपल्याला दिसत नाही त्याचा ताबा घेतल्याचं नाटक करू नका, एवढंच ते सांगत होतं.

मग मी उलट्या टोकाला जाऊन 'कंट्रोल कमीच बरा' म्हणायला लागले का? थोडे दिवस लागले होते. पण ग्रँड कॅन्यन आठवला की तेही टिकत नाही. 30 जून 1956. लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने निघालेली दोन प्रवासी विमानं, एक टीडब्ल्यूएचं, एक युनायटेडचं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकाने 21,000 फूट मागितले. नाही म्हटलं गेलं, कारण त्या उंचीवर युनायटेड होतं. मग त्याने ढगांच्या माथ्यापासून 1000 फूट वर राहायची परवानगी मागितली, ती मिळाली. योगायोगाने ती उंचीही 21,000 च निघाली. पुढे दोघेही अनियंत्रित आकाशात गेले. दोघांनीही कळवलं की अमुक रेषा 10 वाजून 31 मिनिटांनी ओलांडू, 21,000 फुटांवर. सॉल्ट लेक सिटीच्या कंट्रोलरच्या टेबलावर दोन्ही निरोप होते. त्याने कोणालाच काही सांगितलं नाही. त्याच्या हातून चूक झाली असं म्हणता येत नाही, कारण त्या आकाशात सांगणं त्याच्याकडे नव्हतंच. दोन्ही विमानं कॅन्यनवर एकमेकांवर आदळली, 128 माणसं गेली, आणि दोन वर्षांनी अमेरिकेने कायदा करून अख्खी व्यवस्था नव्याने उभारली. त्या दोघांना डोळ्यांनी एकमेकांना शोधायचं होतं, ढगांच्या डोंगरांतून, मिनिटाला कितीतरी मैलांच्या वेगाने. माणसाच्या डोळ्याला ते झेपत नाही. दोन्ही विमानं एकाच बिंदूकडे येत असतील, तर दुसरं विमान काचेवर हलत नाही. माशी बसल्यासारखं एका जागी राहतं आणि शेवटच्या क्षणी एकदम मोठं होतं. म्हणून मोठ्या विमानांच्या वाटांवर कंट्रोल हवाच. माझं भांडण कंट्रोलशी नव्हतं. दिलेला शब्द एक आणि वागणं दुसरं, याच्याशी होतं. आणि ती वागणारी मी होते.

एक गोष्ट मात्र अजून गिळली जात नव्हती. टीकास. टक्कर टाळणारं ते यंत्र, चरखी दादरीनंतर सक्तीचं झालेलं. दोन विमानांतली यंत्रं एकमेकांशी बोलतात आणि धोका दिसला की एकाच्या वैमानिकाला 'चढ' म्हणतात, दुसऱ्याच्या 'उतर'. जमिनीवरच्या माणसाला विचारत नाहीत. मला तो अपमान वाटायचा. सून आल्यावर सासूला स्वयंपाकघरात वाटतं तसं काहीसं, आणि मी सासू व्हायच्या वयाची नव्हते तरी.

1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीच्या दक्षिणेला, युबरलिंगेन गावावर, रशियन टुपोलेव्ह आणि एक मालवाहू बोइंग 757 आदळली. 71 मृत्यू, त्यांत बरीचशी सुट्टीला स्पेनकडे निघालेली शाळकरी मुलं. जमीन जर्मनीची, पण ते आकाश झुरिककडे सोपवलेलं. झुरिकमध्ये एकच कंट्रोलर दोन टेबलं सांभाळत होता, दुसरा विश्रांतीला गेलेला. फोनच्या मुख्य लाइनवर दुरुस्तीचं काम चालू होतं. त्याला टक्कर उशिरा दिसली आणि त्याने टुपोलेव्हला सांगितलं, उतर. टुपोलेव्हचं टीकास म्हणालं, चढ. बोइंगचं टीकास बोइंगला म्हणालं, उतर. बोइंगने यंत्राचं ऐकलं. टुपोलेव्हच्या वैमानिकांनी माणसाचं ऐकलं.

दोन वर्षं व्हायच्या आतच, बायको आणि दोन्ही मुलं त्या विमानात गमावलेल्या एका माणसाने त्या कंट्रोलरला त्याच्या घराच्या दाराशी भोसकून मारलं.

आमच्या खोलीत या बातमीवर कोण काय म्हणालं ते मला आठवत नाही. मला त्या टुपोलेव्हच्या कॉकपिटमध्ये मिसरूड फुटलेला मुलगा दिसत होता. पण तुम्ही 'उतर' म्हणालात. चरखी दादरीला न ऐकल्याने माणसं गेली, इथे ऐकल्याने. चरखी दादरीवरून काढलेली माझी शिकवण, की वैमानिकाने ऐकलं की झालं, पार निकामी झाली.

त्यानंतर नियम निःसंदिग्ध झाला: यंत्राने आदेश दिला की वैमानिक यंत्राचं ऐकेल, कंट्रोलरचं नाही. वैमानिक म्हणतो, "टीकास आरए," म्हणजे यंत्राचा आदेश आला. कंट्रोलरने म्हणायचं, "रॉजर." आणि गप्प बसायचं. त्या विमानाचा मार्ग बदलायचा प्रयत्न करायचा नाही, 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट', म्हणजे धोका टळला, असं ऐकू येईपर्यंत. माझ्या आयुष्यात ही वेळ एकदाच आली, मुंबईला, रडारवर. एक विमान जरा जास्तच वेगाने चढत होतं, वरच्याला यंत्राने हलवलं. मी रॉजर म्हटलं आणि माइकच्या बटणावरचं बोट उचलून मांडीवर ठेवलं. वीस-पंचवीस सेकंद असतील. नोकरीतलं सगळ्यात कष्टाचं काम मी तेव्हा केलं, आणि ते काही न करण्याचं होतं.

मुंबईने मला बाकीचंही शिकवलं. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते, आणि तिच्यावर दिवसाला नऊशेच्या वर विमानं. तिथून काही किलोमीटरवर जुहू. 1932 साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले ते तिथे. 1972 मध्ये एक जपानी डीसी-8 सांताक्रूझ समजून चुकून उतरलं, तेही तिथेच. आता तिथे मुख्यतः हेलिकॉप्टर, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारी. मोठी विमानं आयएफआर, हेलिकॉप्टर बहुतेकदा व्हीएफआर, आणि सगळं डी. ज्या वर्गाला मी एकेकाळी गरिबी म्हणत होते, तोच वर्ग ही गर्दी चालवत होता. सगळ्यांना सगळ्यांपासून पुस्तकी अंतर द्यायचं म्हटलं असतं, तर अर्धी हेलिकॉप्टर जुहूच्या जमिनीवरच राहिली असती. आम्ही माहिती द्यायचो, वैमानिक बघायचे, "ट्रॅफिक इन साइट" म्हणायचे, आणि काम पुढे सरकायचं. जुलैतल्या पावसात एखादा हेलिकॉप्टरवाला म्हणायचा, "अनेबल, समोर पाऊस आहे." तोवर माझं उत्तर बदललं होतं. "रॉजर, से इंटेन्शन्स." तुमचा विचार काय ते सांगा. चुलीवर दूध ठेवलेलं असताना कोणी बोलावं, इतक्या साध्या आवाजात म्हणायचं, हे मी मुद्दाम शिकले. आवाज खाली आणायला मला वर चढवण्यापेक्षा जास्त वर्षं लागली.

आणि जी वर्ग, माझा जनरल डबा? तिथल्या माणसालाही आम्ही मोजतो. त्याने फ्लाइट प्लॅन दिलेला असेल आणि ठरल्या वेळेनंतर 30 मिनिटं त्याचा आवाज नाही, तर कोणीतरी फोन उचलतं. त्या पायरीला अनिश्चितता म्हणतात. फोनाफोनी करूनही पत्ता नाही, तर दुसरी पायरी, सावधान. इंधन संपून गेलं असणार असा हिशेब निघाला की तिसरी, संकट. बहुतेक वेळा गडी दुसऱ्याच पट्टीवर उतरून चहा पीत बसलेला सापडतो. पण घड्याळाकडे बघत बसलेली ती 30 मिनिटं मी अनेकदा काढली आहेत, ज्याच्याशी एक शब्द बोलले नाही अशा माणसासाठी. तिथे कंट्रोल काडीचाही नाही. सेवा म्हणतात ती हीच असावी, असं मला तिथे बसून वाटायचं.

तो मुलगा पुढे वैमानिक झाला की नाही, मला माहीत नाही. शोधायला गेले नाही, धीर झाला नाही. तो लॉगही आता नसेल; जुनी रजिस्टरं ठरावीक काळाने रद्दीत जातात. पुढे मी नव्या मुलामुलींना शिकवलं, त्यांना ही हकीकत दोन-तीनदा सांगितली, पण दर वेळी "एका कंट्रोलरने" अशी सुरुवात करून. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा तशीच सांगितली. म्हणून ती नोंद इथे लिहिते, लॉगमध्ये लिहायची असते तशी.

0412 यूटीसी. सोलो सेसना, व्हीएफआर, डी वर्ग, तलाव क्षेत्र. येणाऱ्या 737 साठी 3000 फुटांवर चढून घिरट्या घालण्याची सूचना. त्या उंचीवर ढग. वैमानिकाला ढग दिसत होता. सूचना टॉवरची. ड्यूटीवर मी.